रंगाऱ्याचं पाणी

सकाळी कामाचा भोंगा व्हायच्या आधी नामातात्या काळ्या खोलीच्या दारात उभे राहायचे आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचे, "ओठ दाखव."

माणूस थांबायचा, उगवतीकडे तोंड करायचा आणि ओठ पुढे काढायचा. तात्या खांद्यावरच्या पांढऱ्या पंच्याचं टोक त्याच्या हनुवटीखाली धरत आणि डोळे बारीक करून बघत. मग हात पुढे, नखं बघणं. मग "जा". नाहीतर, "काय रं, जांभळं खाल्लीस व्हय? पौषात?" हे दुसरं वाक्य ज्याच्या वाट्याला येई त्याला त्या दिवशी खोलीत पाऊल ठेवता येत नसे. तात्या त्याला कापडाचे तागे वाळवायला नदीच्या मोकळ्या वाळूवर धाडून देत. त्या दिवसाचा रोज मात्र पुरा लागे.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. बैलाचे दात बघतात तसे माणसांचे ओठ बघतोय हा म्हातारा, मालकाचा मुकादम शोभतो खरा, असं मी वहीत लिहूनसुद्धा ठेवलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या पानाची मला लाज वाटते, म्हणूनच ते फाडलेलं नाही.

सांगलीत, पेठेच्या टोकाला, कृष्णेकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तो रंगाचा कारखाना होता. चंद्रकळेचं काळं तिथं होई. लढाईचे दिवस होते, जर्मन रंगाचे डबे बंद झालेले, मग मालकानं कुठूनतरी पिंपं मिळवली. पिंपावर 'अ‍ॅनिलिन' असं लिहिलेलं असे. दगडी कोळशाच्या डांबरापासून काढतात म्हणे. कारखान्यात कुणी ते नाव घेत नसे, नुसतं 'तेल' म्हणत. ताजं असताना पाण्यासारखं, उजेडात राहिलं की तपकिरी. वास असा की एकदा नाकात बसला की जेवताना भाकरीलाही येतो. कुजक्या सुकटीचा, आणि त्याच्या मागून एक गोडसर, मळमळवणारा. त्या तेलाच्या पाण्यात कापड बुडवायचं आणि बंद, गरम काळ्या खोलीत टांगायचं. आधी पिवळट, मग शेवाळासारखं हिरवं, मग काळं. असं काळं की वर्षानुवर्षं धुतलं तरी उतरत नाही.

आणि ते टांगणाऱ्या माणसांचे ओठ निळे पडत. डोकं ठणके, चालताना धाप लागे. मालक म्हणे, तंबाखू कमी करा.

मी मूळचा माणचा, दहिवडीकडचा. चळवळीत तुरुंगात जाऊन आलो होतो आणि साताऱ्यात एका खोलीत सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढायला शिकलो होतो. तिथं शिकवलेला नियम साधा होता: दर चार ओळींत एक धिक्कार हवा. तिथल्या सोबत्यांनी मला सांगलीत धाडलं ते रंगकामगारांची संघटना बांधायला. चाळीत जी खोली मिळाली ती नेमकी तात्यांच्या शेजारची. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या बोटांची शाई पाहिली आणि विचारलं, "तुमी बी रंगारीच काय?"

"मी पत्रकं काढतो."

"मग रंगारीच की. आमी कापड काळं करतो, तुमी कागद." त्या दिवसापासून मी पत्रक्या झालो. 'तुमी'चा 'तू' व्हायला आठवडासुद्धा लागला नाही.

तात्या साठीच्या आसपासचे, हडकुळे, विधुर. त्यांचा बाप साताऱ्यात निळीच्या हौदावर होता. हात कोपरापर्यंत कायमचे काळे, जणू कुणी दुसऱ्याचे जोडलेत. सगळ्या अंगात एक नाक तेवढं मोठं, आणि त्याचा त्यांना अभिमान. डोळे मिटून तागा नाकाला लावत आणि सांगत, "ह्याला अजून दोन पाणी पाहिजे." काळं झालेलं कापड तीनदा रिठ्याच्या नाहीतर साबणाच्या उकळत्या पाण्यातून काढायचं, दिवसभर उन्हात टाकायचं, मग तात्यांनी वास घ्यायचा, मगच गठ्ठ्यात. हा नियम त्यांनीच घातलेला. वास राहिला म्हणजे तेल राहिलं, एवढी त्यांची रसायनविद्या.

आणखी एक नियम होता, त्यावरून माणसं कुरकुरत. कामावर येताना पान खायचं नाही. लाल ओठांवर निळं दिसत नाही म्हणून. कुणी खाऊन आलाच तर तात्या त्याला हौदावर नेऊन चूळ भरायला लावत आणि म्हणत, "पान खाल्लेला माणूस काय तरी झाकतोय." स्वतः तात्यांनी जन्मात पान खाल्लं नव्हतं.

सोमवारी ते पंच्याऐवजी नाक पुढे करत. रविवारी दारू प्यायलेल्याला खोली दुप्पट बाधते, हे त्यांनी अनुभवानं ओळखलं होतं. एकदा एका दांडग्या गड्यानं वाद घातला, "तात्या, मी काल घोटभर बी घेतली न्हाई, देवाच्यान." तात्या शांतपणे म्हणाले, "देवाला वास येत नसंल. मला येतोय. जा वाळूवर." सगळी रांग हसली. तो गडी दिवसभर वाळूवर बसून शिव्या देत राहिला आणि संध्याकाळी येऊन पाया पडला. तात्या पाय मागं घेत म्हणाले, "पाय नको, उद्या ओठ आण."

हे सगळं पाहूनही माझा राग गेला नव्हता. उलट वाढला. एवढं कळतं या माणसाला, मग हा बोलत का नाही? मी मागण्यांचा कागद तयार केला होता. काळ्या खोलीला खिडक्या पाडा, कपडे बदलायला जागा द्या, आजारी माणसाचा रोज कापू नका. बाकीच्यांनी अंगठे उठवले. तात्यांपुढे कागद धरला तर त्यांनी काळा अंगठा माझ्या नाकापुढे नाचवला.

"ह्यो कसा उठंल? ह्याच्या रेषा कवाच बुजल्या."

"सही करा मग. सही येते तुम्हाला."

"येती. पण माझी सही बघितली की मालक मला काढणार. मग ओठ कोण बघंल? तू?"

"तात्या, हक्क मागायला भिता तुम्ही!"

"भितो की," ते म्हणाले, आणि भाकरी थापायला बसले.

त्याच आठवड्यात मला कौलांचं कळलं. काळ्या खोलीचं एक कौल दर पंधरा दिवसांनी फुटलेलं सापडे. मालक चिडे, नवं बसवे, परत दुसरं फुटे. माकडं लय झाल्यात, असं तात्या सांगत. माकड तात्याच होते. बांबूनं एक कौल पाडायचं, तेवढ्या भोकातून पंधरा दिवस वाफ वर जायची. मी त्यांना सोडलं नाही. "खिडकी मागायची सोडून कौलं फोडता? ही काय रीत झाली?"

"तुझी खिडकी कवा हुणार?"

"लढा आहे तात्या. वेळ लागेल."

"तवर माकडं हायती."

पत्रकात घालण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

संक्रांत नऊ दिवसांवर आली होती तेव्हाची गोष्ट. आमच्या चाळीत पलीकडच्या खोलीत बापू आणि अनशी राहत. बापू काळ्या खोलीतलाच. त्यांचा पहिला मुलगा सात महिन्यांचा, म्हणजे पोराची पहिली संक्रांत. काळं झबलं, हलव्याचे दागिने, बोरन्हाण, सगळं व्हायचं होतं. बापूनं कारखान्यातून काळ्या कापडाचा उरलेला तुकडा आणला होता. अनशीनं हातानं झबलं शिवलं, टोपडं शिवलं, वर पांढऱ्या दोऱ्याच्या चांदण्या काढल्या. सणाचं कापड कोरं हवं, पाण्यात काढलेलं चालत नाही, ही आपल्याकडची रीत. तिनं ते न धुताच पोराला घालून बघितलं. माप बरोबर आलं, पोर गोड दिसलं, आणि तसंच पाळण्यात झोपलं.

सुट्टीचा दिवस होता, दुपार. मी दारात बसून काहीतरी खरडत होतो. तात्या नदीवरून धुणं घेऊन आले आणि बापूच्या दारापुढे थबकले.

"तेलाचा वास कुठनं येतोय?"

बापू घरात नव्हता. तात्यांनी धुण्याचा पिळा माझ्या अंगावर टाकला आणि न विचारता आत गेले. मी मागोमाग. त्यांनी पाळण्यावर वाकून पंच्याचं टोक पोराच्या हनुवटीखाली धरलं. पोर झोपेत होतं, ओठ पाटीसारखे निळे-राखाडी. तात्यांनी झबलं टराटरा फाडून काढलं आणि दाराबाहेर भिरकावलं.

"आवं तात्या! कोरं हाय ते! सणाचं हाय!" अनशी ओरडली. मग तिनंही पोराचे ओठ पाहिले आणि ती रडायला लागली.

"रडू नगंस. ऊन पाणी आण. डाळीचं पीठ आण. पत्रक्या, डाक्टर."

मी डॉक्टरांना आणलं. त्यांनी छाती तपासली, थंडी असेल म्हणाले, काळीज कच्चं असेल म्हणाले, पुड्या दिल्या. तोवर तात्यांनी पोराला तीनदा धुतलं होतं, काखेतून, मानेच्या वळ्यांतून, जसा तागा धुवावा तसं, घाई न करता. मग उघड्या सोप्यावर, वाऱ्याला, मांडीवर घेऊन बसले. दर थोड्या वेळानं पंच्याचं टोक हनुवटीखाली. अनशी खांबाला धरून उभी. बापू आला तोही तसाच उभा राहिला. उन्हं कलली तेव्हा पोरानं कंटाळून मोठ्यांदा भोकाड पसरलं आणि तात्या म्हणाले, "आला. रंग आला." पंच्यावर धरलेले ते ओठ आता नुसते फिके होते, आणि कडेनं गुलाबी.

पोर वाचलं. बापूला मात्र तात्यांनी हलू दिलं नाही. "तुकडा कुठल्या ताग्याचा?"

बापू मान खाली घालून म्हणाला, "परवाच्या. मालकानं धुवायचं नको म्हणून सांगितलं. साबण न्हाई, कोळसा न्हाई, सण तोंडावर आलाय. तुमी माल उतरून घ्यायला मिरजंला गेला हुता तवा गठ्ठं बांधलं."

"किती गेलं?"

"अकरा तागं. कवठे महांकाळ आन् जतच्या बाजाराला."

संक्रांतीच्या तोंडावर काळं कापड कोण घेतं? पहिल्या सणाची सून घेते, नाहीतर पहिल्या सणाचं पोर ज्या घरात आहे ते घर.

मी तोपर्यंत खोलीत जाऊन पत्रकाचा मथळाही लिहिला होता: 'तान्ह्या बाळाच्या अंगावर नफेखोराचं विष!' त्या दिवशी मला शब्द शोधावे लागत नव्हते. तात्या दारात आले, म्हणाले, "वाच." मी वाचलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चांगलं लिव्हलंस. कुठं वाटणार?"

"इथं. पेठेत, बाजारात, साताऱ्याला."

"कापाड गेलंय जतला. तिथं वाचणारं कोण? इथलं वाचून मालक म्हणंल माझं कापाडच न्हवं ते. आन् बाजारातला कापडवाला भिऊन काय करंल? जाळंल? लांबच्या वाडीवर नेऊन सवंगात फुकंल. मग ते कुठं गेलं ते आपल्याला तरी कळंल काय?" मग म्हणाले, "संक्रांत हू दे. मग तुझं कागद वाट. मी सही करतो. आता माझ्यासंगं चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मालकाकडे गेले. मी दाराबाहेर उभा होतो, सगळं ऐकू येत होतं. माल परत बोलवा, एवढंच तात्या म्हणाले. मालक ओरडला, "एका पोराला थंडी वाजली म्हणून सणाचा माल परत आणू? धुवायला साबण कुठाय? जा, लढाईला विचार!"

किल्ली टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"मग खोली आता तुमी बघा," तात्या म्हणाले. "आन् सकाळचं ओठ बघायला एक माणूस ठेवा."

बाहेर येऊन त्यांनी पांढऱ्या पंच्याचा एक तुकडा फाडून बापूला दिला. बापूनं तो खांद्यावर टाकला. त्या दिवशी आणखी एक झालं. गोदामात उरलेले तागे बांधायला कुणी हात लावेना. सगळी माणसं तागे उचलून नदीवर गेली आणि धुवत बसली. माझ्या पत्रकाशिवाय झालेला तो पहिला संप. मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगतो, थोडा अपमानच वाटला.

मिरजेहून निघणाऱ्या छोट्या रेल्वेनं आम्ही कवठे महांकाळला उतरलो. दोन पोती रिठे, एक तांब्याचं मोठं भगुलं. कापडवाला बाजारात भेटला. तात्यांनी त्याला विषाचं काही सांगितलं नाही. म्हणाले, "शेठ, मालाला वास राहिलाय. फुकट धुऊन देतो, लवकर खपंल." तो खूश. त्याच्याकडे सात तागे शिल्लक होते, ते दोन दिवसांत धुऊन वाळले. बाकीचे चार जतच्या बाजारात फाडून विकून झाले होते. कुणाकुणाला, ते त्याला काय आठवणार?

जतला सर्व्हिस मोटारीनं गेलो. उतरलो तिथूनच दिसत होतं की इथं पाणी कपडे धुण्यासाठी नसतं. विहिरीवर घागरींची रांग, प्रत्येक घागरीमागं तासाचा हिशेब. सांगलीत कुणी नवं कापड नदीत बुचकळलं तर बुचकळलं. इथं कोरं कापड कोरंच अंगावर चढणार.

मी म्हणालो, दवंडी पिटवू, सरळ सांगू की कापडात विष आहे. तात्यांनी मान हलवली.

"विष म्हटलं तर फेकतील? दिलेलं पैसं कोण फेकतं? सासू म्हणंल, मला नको, सुनंला नेसवा."

"मग काय खोटं सांगणार?"

"बघू."

दवंडीवाल्याला त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी जागच्या जागी तापलो. हलगी वाजली आणि गल्लोगल्ली आवाज गेला: सांगलीचा रंगारी आलाय हो! ज्यानं ज्यानं सणाचं काळं घेतलंय त्यानं विहिरीवर आणावं हो! रंगाऱ्याच्या हातचं पाणी लागल्याबिगर काळं सणाला चालत न्हाई हो!

"ही कुठली रीत?" मी विचारलं.

"आजपासनंची."

"तात्या, लोकांच्या अंधश्रद्धा काढायला आपण तुरुंगात गेलो आणि तुम्ही नवी घालताय!"

"तू गेलास. मी कुठं गेलो?"

विहिरीपासून लांब, उताराला त्यांनी आधी एक खड्डा खणून घेतला. धुतलेलं पाणी त्यात जाईल, मेंढरांच्या तोंडी लागणार नाही. मग चूल मांडली. बायका आल्या, पण कापड पदराखाली धरून, दुरून बघत. एक म्हातारी पुढं झाली. तिनं आधी भगुल्यातल्या पाण्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "नीर इल्लप्पा! पाणी प्यायला न्हाई आन् ह्यो कापडं उकडतोय. आमच्या सासूच्या सासूनं कवा असलं पाणी घेतलं न्हाई."

"तवा रंगारी दारात आला न्हवता, आजी," तात्या म्हणाले. "आता आलाय तर परत धाडतीस व्हय?"

बायका हसल्या. म्हातारीही हसली. "मग धुतल्यावर कोरं कसं ऱ्हाईल?"

"रंगाऱ्यानं धुतलं तर कोरंच. तू धुतलंस तर जुनं."

म्हातारीनं क्षणभर विचार केला आणि पदराखालचं कापड काढून दिलं. नातसुनेसाठी घेतलेलं. मग रांग लागली.

पाच दिवस ते चाललं. पाणी आम्ही रांगेतच उभं राहून आमच्या पाळीनं ओढत होतो, एक घागर जास्त घेतली नाही. तात्या उकळत्या वाफेवर वाकून एकेक कापड तीनदा काढत, उन्हात टाकत, दुसऱ्या दिवशी डोळे मिटून नाकाला लावत. "आता घाल." नाहीतर, "उद्या ये." मध्येच खाली बसत. मी विचारलं तर म्हणत, "वय झालंय, चुलीनं भाजतंय." चार ताग्यांच्या लांबीतून आलेल्या तुकड्यांची मापं ते डोक्यात वजा करत होते. चौथ्या दिवशी म्हणाले, आता एक राहिलं. झबल्याएवढं. कुणीतरी सांगितलं, एका धनगराच्या घरी गेलंय, दोन कोसांवर, बाळंतीण आहे घरात.

भोगीच्या सकाळी आम्ही तिथं पोचलो. वाटेत तात्या तीनदा थांबले. तळावर एक तरुण बाई भाकरी थापत होती, शेजारी टोपलीत पोर, अंगावर जुनेऱ्याचं झबलं. तात्यांनी आधी टोपलीशी जाऊन पंचा धरला. गुलाबी. मग विचारलं, "बाई, बाजारातनं काळं कापाड घेतलंतं ना?"

"व्हय. माझ्या दाल्ल्यानं आणलं. पोराला घालायचं म्हणत हुता." तिनं भाकरी उलटली. "म्या म्हटलं, ह्याला वास बघ कसला येतोय, मेलेल्या सापासारखा. माझ्या पोराला न्हाई घालत जा. तिकडं टांगलंय मेंढरांच्या वाड्यावर. गोचीड पळत्यात त्यानं."

वाड्याच्या काठीवर ते काळं फडकं वाऱ्यानं हलत होतं. तात्या खाली बसले आणि हसायला लागले. इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं.

"पत्रक्या, हिला नाक हाय!" ते म्हणाले. "बाई, कारखान्यात चल. माझी जागा रिकामी हाय."

"मी मेंढरं सोडून कुठं येऊ आजा?" ती म्हणाली आणि आम्हा दोघांपुढे भाकरी ठेवली, वर तीळ लावलेली.

संक्रांतीनंतर मी पत्रक काढलं. तात्यांनी कागद जतला मागवून घेतला आणि सही करून धाडला, मोठ्या वळणदार अक्षरात, 'नामदेव रंगारी'. वर्षभराच्या भांडणानंतर काळ्या खोलीला दोन खिडक्या झाल्या. चार मागितल्या होत्या. मालकाला कुणी शिक्षा केली नाही. सांगलीसारख्या संस्थानात त्याच्याविरुद्ध जायचं तर कुणाकडे जायचं, हाच प्रश्न होता. मी हे विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. पुढं कामासाठी जतला गेलो तेव्हा ओळखीच्या घरात संक्रांतीच्या आदल्या दिवशी काळं कापड रिठ्याच्या पाण्यातून काढताना पाहिलं. का म्हणून विचारलं तर त्या बाईनं माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलं. "रंगाऱ्याचं पाणी नको व्हय?" माझं म्हणणं अजून तेच आहे की लोकांना खरं सांगायला हवं होतं. पण माझ्या एकाही पत्रकातली एकही ओळ त्या घरात पोचली नव्हती.

तात्या मला शेवटचे दिसले ते त्याच भोगीला. ते सांगलीला परतणार नव्हते, जतजवळ बहीण होती तिच्याकडे राहायचं ठरवलं होतं. मला सोडायला मात्र कवठे महांकाळच्या स्टेशनापर्यंत आले. पंचा नाकातोंडावरून घेतलेला, थंडी वाजतेय म्हणाले. गाडीला वेळ होता. ते म्हणाले, "बस, आलोच," आणि बाजाराकडे गेले. परत आले ते गाडी सुटायच्या बेतात असताना. मी खिडकीत बसलो होतो. पाच दिवसांची वाफ, वाटेत थांबणं, खाली बसणं, हे सगळं मला त्या क्षणी एकदम आठवलं. इतक्या वर्षांत त्यांनी शेकडो माणसांचे ओठ पाहिले, पण त्यांचे कुणी पाहिले होते?

मी खिडकीतून ओरडलो, "तात्या, ओठ दाखवा!"

ते थांबले. मग कामावर यायच्या रांगेतल्या माणसासारखे उजेडाकडे वळले, पंचा खाली ओढला आणि त्याचं टोक आपल्याच हातानं आपल्या हनुवटीखाली धरलं. ओठ लालभडक होते. तोंडात पान होतं, जन्मातलं पहिलं, रंगलेलं.

"खोली सुटली रं आता!" ते हसत म्हणाले. "खाऊ दे की!"

गाडी हलली. ते तसेच उभे, काळ्या हातात पांढरा पंचा धरून, पोरासारखे ओठ पुढे काढून. पंच्यावर पानाचा एक लाल थेंब पडला होता. मी गाडी वळेपर्यंत डोळे बारीक करून बघत राहिलो, पण त्या लालाखाली काय होतं, ते मला दिसलं नाही.